उताराचे भय



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना किंचित हसू आले असेल. सायकलवरून वेगाने घाट उतरण्याची भीती आणि तिच्यावर मिळवावयाचा ताबा, हा का प्रौढ माणसांपुढे मांडावयाचा विषय? चढावर दम लागतो, पोटऱ्या भरून येतात, हे कोणीही मोकळेपणाने सांगतो. त्यात कमीपणा नाही. उतार मात्र फुकटचा समजला जातो. चढ ही मेहनत आणि उतार ही तिची मजुरी, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. म्हणूनच ज्याला उताराची धास्ती वाटते तो ती सहसा बोलून दाखवीत नाही. दोन्ही ब्रेक आवळून, मागून येणाऱ्यांना वाट देत तो कसाबसा खाली पोहोचतो, आणि 'जरा देखावा पाहत होतो' असे सांगून वेळ मारून नेतो.

माझा व्यवसाय अनुवादाचा. सायकलशर्यतींविषयीचे लेखन मराठीत आणताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चढावरच्या यातनांचे वर्णन करताना लेखकांची लेखणी पानेच्या पाने धावते; उतार मात्र दोन वाक्यांत संपतो. जणू तेथे सांगण्यासारखे काही घडतच नाही. वास्तविक मराठीत 'उतार' हा शब्द किती अंगांनी वापरला जातो! तापाला उतार पडतो, नदीला उतार मिळतो, वयही उताराला लागते. आणि विषावर जो द्यावयाचा तोही 'उतारा'च. या शेवटच्या अर्थाकडे मी पुढे येणार आहे, कारण उताराच्या भीतीवरचा उतारा उतारावरच सापडतो.

पहिला प्रश्न असा की, ही भीती निराधार आहे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे : नाही. १९९५ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत पिरेनीज पर्वतातील पोर्ते द आस्पे या घाटाच्या उतारावर फाबिओ कासार्तेली हा इटालियन स्वार पडला आणि मरण पावला. तीनच वर्षांपूर्वी बार्सिलोना येथे त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले होते. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. व्यावसायिक शर्यतींत ते सक्तीचे झाले २००३ साली. परंतु शिरस्त्राणाने सारे भागते असेही नाही. २०११ मध्ये इटलीच्या जिरो शर्यतीत वाउटर वेलांट हा बेल्जियन स्वार बोक्को घाट उतरताना दगावला. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बुला घाटाच्या उतारावर जीनो मेडर दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी वारला. तो सव्वीस वर्षांचा होता. या दोघांनीही शिरस्त्राण घातलेले होते, आणि सायकल चालविणे हाच तिघांचाही व्यवसाय होता. तेव्हा 'त्यात काय भ्यायचे!' असे जो म्हणतो, त्याने या घाटांची नावे एकदा आठवून पाहावीत.

थोडा हिशेबही मांडून पाहू. सायकल आणि स्वार मिळून वजन ८० किलो धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाला त्यांच्यात सुमारे २,८०० ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. वेग ताशी ६० किलोमीटर झाला की ती ११,००० ज्यूलच्या वर जाते. वेग दुप्पट झाला, ऊर्जा मात्र चौपट झाली. सपाट, कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने जी सायकल पहिल्या वेगात सात मीटरांत थांबते, तिला दुसऱ्या वेगात अठ्ठावीस मीटर लागतात. शिवाय धोका डोळ्यांना दिसून बोटे ब्रेकवर आवळली जाईपर्यंत जो एखादा सेकंद जातो, तेवढ्यात पहिल्या वेगाने आठ आणि दुसऱ्या वेगाने जवळजवळ सतरा मीटर मागे पडलेले असतात. एकूण पंधरा मीटर आणि पंचेचाळीस मीटर! हे सपाटीचे आकडे झाले. उतारावर ते आणखी वाढतात. ज्याने भौतिकशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नाही त्याच्या शरीरालाही हा हिशेब ठाऊक असतो. भीती हे त्याचे उत्तर आहे, आणि उत्तर बरोबर आहे.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, भीतीचे गणित बरोबर असले तरी तिने सुचविलेला उपाय चुकीचा असतो. हे पाहण्यासाठी आपण एका माणसाची हकीगत घेऊ.

तिबो पिनो हा पूर्व फ्रान्समधील मेलिझे या गावचा. २०१२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो तूर द फ्रान्समध्ये उतरला तेव्हा त्या शर्यतीतील सर्वांत तरुण स्वार होता. स्वित्झर्लंडमधील पोराँत्रुई येथे संपणारा टप्पा त्याने एकट्याने पुढे जाऊन जिंकला आणि एकंदर क्रमवारीत दहावा आला. १९८५ मध्ये बेर्नार इनोने जिंकल्यापासून एकाही फ्रेंच स्वाराला ही शर्यत जिंकता आलेली नाही. त्यामुळे साऱ्या देशाची नजर या मुलावर खिळली. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पिरेनीजमधील पाय्येर घाटाच्या उतारावर तो मागे पडला. इतर स्वार वळणामागून वळण घेत खाली निघून गेले. त्याच्या हातून ब्रेक सुटेना. त्यानंतर त्याने वृत्तपत्राला जे सांगितले ते या खेळात फारसे कोणी सांगत नाही. कोणाला कोळ्याची भीती वाटते, कोणाला सापाची. मला वेगाची वाटते, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. पुढे आजारपणामुळे त्याने ती शर्यत अर्ध्यावर सोडली.

या कबुलीबद्दल त्याला काही कमी ऐकावे लागले नाही. व्यावसायिक स्वाराने असे बोलावे काय, असा सूर निघाला. माझ्या मते मात्र त्या दिवशी त्याने अर्धे काम पुरे केले. लपविलेल्या भीतीची तपासणी करता येत नाही, आणि तपासणीवाचून ती कोठून सुरू होते हे कळत नाही : वेगापासून, वळणापासून, ओल्या रस्त्यापासून, की मागून येणाऱ्याच्या चाकाच्या आवाजापासून? प्रत्येकाचे दुखणे निराळे असते आणि औषधही निराळे.

आता भ्यालेला माणूस उतारावर काय करतो ते बारकाईने पाहू. तो हँडल घट्ट आवळतो. आवळल्याने कोपर आणि खांदे ताठ होतात. ताठ हातांमुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा सरळ हँडलमध्ये उतरतो आणि सायकल थरथरू लागते. थरथरली की तो आणखी आवळतो. त्याची नजर ज्याची धास्ती आहे तेथेच खिळते : दरीचा कठडा, वळणावरची वाळू, समोरून येणारी मालमोटार. आणि सायकलचा स्वभाव असा की, नजर जिकडे तिकडे ती वळते. शेवटी वळण जवळ आले की तो दचकून ब्रेक दाबतो, तोही वळणाच्या ऐन पोटात.

ही शेवटची गोष्ट सर्वांत घातक आहे, म्हणून तिचे कारण सांगतो. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये जी पकड असते ती मर्यादित असते. वळणासाठी आणि थांबण्यासाठी लागणारी पकड त्या एकाच पुंजीतून खर्च होते. जणू एका पगारात दोन संसार. पंधरा मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३० किलोमीटर वेगाने घ्यावयाचे तर सायकल सुमारे पंचवीस अंशांनी कलवावी लागते. तेच वळण ताशी ४० किलोमीटरला घ्यावयाचे तर चाळीस अंशांनी. कोरड्या डांबरी रस्त्यावर पहिल्या प्रसंगी पुंजी बऱ्यापैकी शिल्लक राहते. दुसऱ्या प्रसंगी ती जवळजवळ संपलेली असते. त्यात वर ब्रेकचा खर्च टाकला की चाक घसरते. रस्ता ओला असेल तर मुळात पगारच कमी. म्हणून जाणते स्वार वेग कमी करावयाचा तो वळणाच्या अलीकडे, सायकल सरळ उभी असताना करतात आणि वळणात शिरताना ब्रेक सोडीत जातात. भ्यालेला माणूस नेमके उलटे करतो. सरळ रस्त्यावर 'अजून वेळ आहे' म्हणून थांबतो आणि वळणात घाबरतो. भीतीने त्याला मंद केले असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो चुकीच्या जागी वेगवान आणि चुकीच्या जागी मंद झालेला असतो.

दुसरी चूक ब्रेक सतत घासत ठेवण्याची. निलगिरीतील कुन्नूरपासून खाली मेट्टुपालयमपर्यंत रस्ता सुमारे दीड हजार मीटर खाली उतरतो. आपला तो ८० किलोंचा स्वार सारा उतार ब्रेक धरून उतरला, तर जवळजवळ बारा लाख ज्यूल इतकी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. साडेतीन लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापविण्यास एवढी उष्णता पुरते. ज्या सायकलींचे ब्रेक रिमवर घासतात त्यांची रिम यामुळे इतकी तापू शकते की आतील ट्यूब फुटावी. याउलट, थोडा वेळ ब्रेक चांगला दाबून मग पूर्ण सोडला, पुन्हा दाबला, तर मधल्या काळात वारा रिम थंड करतो. आणि वारा स्वतःही ब्रेकच आहे. शंभर मीटरला आठ मीटर उतरणाऱ्या सरळ रस्त्यावर पेडल न मारता सोडलेली सायकल, स्वार ओणवा असेल तर ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास स्थिरावते. तोच स्वार पाठ ताठ करून, छाती वाऱ्याला देऊन बसला तर पंचेचाळीसच्या आसपास. दहा किलोमीटरचा हा फरक केवळ बसण्याचा आहे. भ्यालेला माणूस अंग चोरून आक्रसतो आणि हा फुकटचा ब्रेक गमावून बसतो.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, 'नियम समजले, आता भीती जाईल.' तसे होत नाही. नियम डोक्याला समजतात. हाताला समजावून सांगावे लागते, आणि हात एका दिवसात ऐकत नाही. येथे मानसशास्त्राचा एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. पीटर सशाला भीत असे. मुलगा आवडीचे काही खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला जाई, आणि तो रडणार नाही इतक्याच बेताने दर वेळी थोडा जवळ आणला जाई. अखेर मुलाने सशाला हात लावला. पुढच्या काळात जोसेफ वोल्पे यांनी या मार्गाला उपचारपद्धतीचे शास्त्रीय रूप दिले. त्यातले सार आपल्या कामाचे आहे : भीतीच्या वस्तूजवळ जावयाचे, पण पायरीपायरीने, आणि प्रत्येक पायरीवर इतका वेळ थांबावयाचे की शरीर आपोआप सैल पडावे.

सायकलीला हे लागू करावयाचे तर मोठा घाट प्रथम सोडून द्यावा. पाचशे मीटर लांबीचा, सौम्य, रहदारी नसलेला, खाली मोकळी सपाटी असलेला उतार निवडावा, आणि तोच पुन्हा पुन्हा उतरावा. ओळखीचा रस्ता हे अर्धे औषध आहे. कोणत्या वळणापुढे काय आहे हे एकदा पक्के झाले की भीतीचा मोठा हिस्सा आपोआप गळतो, कारण उतारावरची धास्ती बव्हंशी न दिसणाऱ्या रस्त्याची असते. पहिल्या दिवशी सायकल तपासून घ्यावी. ब्रेकचे रबर झिजलेले, चाक वाकडे, हँडलचा बोल्ट ढिला, अशा सायकलीवर ज्याला भीती वाटत नाही त्याचीच काळजी करावयास हवी. आपल्याकडच्या जुन्या, सळईच्या ब्रेकच्या, पोलादी रिमच्या सायकली ज्यांनी पावसात चालविल्या आहेत, त्यांना मी वेगळे सांगावयास नको : ब्रेक दाबला तरी प्रथम रिमवरचे पाणी पुसले जाते आणि मग काही क्षणांनी चाक ऐकू लागते.

मग सराव. सुरुवातीला पाठ ताठ ठेवून, बोटे ब्रेकवर पण सैल ठेवून उतरावे. पुढचा ब्रेक लावला की तोंडावर पडतो, अशी एक समजूत लहानपणापासून आपल्या मनात बसलेली असते, आणि त्यामुळे पुष्कळ लोक फक्त मागचाच ब्रेक वापरतात. वस्तुस्थिती अशी की, वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर सरकतो, त्यामुळे खरे थांबविण्याचे काम पुढचाच ब्रेक करतो. मागचे चाक हलके झाल्याने चटकन अडकून घसरते. पुढचा ब्रेक झटक्याने न दाबता, हळूहळू जोर वाढवीत दाबावा आणि त्याच वेळी अंग थोडे मागे न्यावे. सपाटीवर, रिकाम्या मैदानात, हे शंभर वेळा करावे. माझ्या मते उताराची भीती घालविण्याचे सर्वांत मोठे साधन हेच आहे. आपल्याला हवे तेव्हा थांबता येते असा ज्याचा अनुभव आहे, तोच ब्रेक सोडू शकतो.

त्यानंतर वळणे. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पेडल खाली आणि त्यावर अंगाचा भार. आतल्या बाजूचे पेडल वर, म्हणजे कललेल्या सायकलीचे पेडल रस्त्याला टेकत नाही. नजर कठड्यावर ठेवू नये. वळण जेथे संपते, रस्ता जेथे पुन्हा सरळ होतो, तेथे ठेवावी. हे सांगावयास सोपे आणि करावयास अवघड, कारण धोक्यावरून नजर काढणे हे प्राण्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. आणखी एक विचित्र गोष्ट : उजवीकडे वळताना सायकल क्षणभर किंचित डावीकडे वळवावी लागते, तेव्हाच ती उजवीकडे कलते. आपण सगळे हे नकळत करतो. पहिले विमान उडविणारे राइट बंधू मुळात सायकलींचे व्यावसायिक. त्यांच्यापैकी विल्बरच्या हे नजरेस आले होते आणि सायकलस्वारांना ते ठाऊक नसते याचे त्याला नवल वाटले होते. घाबरून हात ताठ केले की ही नकळत होणारी हालचालच बंद पडते, आणि मग 'सायकल वळतच नाही' अशी तक्रार ऐकू येते. वेगात पुढचे चाक थरथरू लागले, तर हँडल आवळू नये. गुडघ्यांनी मधली दांडी दाबून धरावी आणि ब्रेक हळुवारपणे लावावा. बहुधा थरथर थांबते.

दर आठवड्याला एखादी पायरी पुरे. ज्या झाडापाशी काल ब्रेक दाबला होता, आज त्याच्या दोन सायकली पुढे दाबावा. शक्य झाल्यास चांगल्या उतरणाऱ्याच्या मागून, बरेच अंतर राखून जावे. त्याची वाट, त्याचे ब्रेक लावण्याचे ठिकाण पाहावे. पण तो आपल्याहून फार वेगवान नसावा. चिडवून, हिणवून कोणाची भीती गेल्याचे मला ठाऊक नाही; जे घडते ते असे की, माणूस चिडून ब्रेक सोडतो.

आणि येथे मला दुसऱ्या बाजूबद्दल बोलले पाहिजे. भीती नसणे हे आपले ध्येय आहे काय? १२ जुलै १९७१ चा प्रसंग पाहा. लुईस ओकान्या हा मूळचा स्पॅनिश स्वार तूर द फ्रान्समध्ये एडी मेर्क्सच्या सात मिनिटांहून अधिक पुढे होता. सायकलशर्यतीत सात मिनिटे म्हणजे फार मोठी शिल्लक. पिरेनीजमधील मांते घाट चढताना वादळ कोसळले, गारा पडल्या, रस्त्यावरून चिखलाचे पाणी वाहू लागले. मागे असलेला मेर्क्स जीव तोडून उतारावर सुटला. त्याला गमावण्यासारखे काही नव्हते. ओकान्याला त्याच्यामागे त्या वेगाने जाण्याची काडीमात्र गरज नव्हती. तो गेला. एका वळणावर मेर्क्स घसरला, ओकान्याही पडला. मेर्क्स उठून निघून गेला. ओकान्या उठत असतानाच मागून आलेला योप झुटेमेल्क त्याच्यावर आदळला. शर्यतीचा पिवळा अंगरखा असलेल्या माणसाला इस्पितळात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी मेर्क्सने तो अंगरखा घालण्यास नकार दिला, हे त्याच्या सभ्यपणाला शोभणारेच झाले. ओकान्याने दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, ही शर्यत जिंकली. पण १९७१ च्या त्या वळणावर थोडी भीती त्याचे किती भले करून गेली असती!

कौशल्य असले की धोका संपतो असेही समजू नये. विन्चेन्झो निबाली हा आपल्या काळातील उताराचा श्रेष्ठ जाणकार. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या शर्यतीत तो आघाडीवर असताना व्हिस्टा चिनेझाच्या उतारावर पडला. गळ्याजवळचे हाड मोडले. दुसऱ्याच दिवशी त्याच उतारावर स्त्रियांच्या शर्यतीत एकटी पुढे निघालेली डच स्वार अनेमीक फान फ्लॉयटेन इतक्या जोराने आदळली की पाहणाऱ्यांना ती गेलीच असे वाटले. मेंदूला हादरा आणि पाठीच्या मणक्याला तीन ठिकाणी चिरा. ती बरी झाली. २०१९ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतीची जगज्जेती झाली, टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने वेळेविरुद्ध धावण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले आणि २०२२ मध्ये स्त्रियांची तूर द फ्रान्सही जिंकली. पर्वतातल्या शर्यती उतार टाळून जिंकता येत नाहीत.

आता पुन्हा पिनोकडे वळू. २०१३ च्या त्या दिवसानंतर त्याच वर्षी, स्पेनच्या मोठ्या शर्यतीत तो सातवा आला. २०१४ च्या तूर द फ्रान्समध्ये बालेस घाटावर त्याने हल्ला चढविला आणि खालच्या ल्युशाँ गावापर्यंतच्या उतारावर तो आघाडीच्या दावेदारांसोबत टिकून राहिला. त्याचा प्रतिस्पर्धी रोमां बार्दे मागे पडला. पॅरिसला पिनो तिसरा आला. वर्षभरापूर्वी ज्याने वेगाच्या भीतीची जाहीर कबुली दिली होती, त्याने उतारांनी भरलेल्या शर्यतीत तिसरा क्रमांक मिळविला.

कोणी लेखक असता तर त्याने गोष्ट येथे संपविली असती. प्रत्यक्षात ती पुढे चालते, आणि मला तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. इटलीतील लोंबार्दीची शर्यत कोमो सरोवराच्या आसपास होते. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिच्या अखेरच्या भागात चिविल्यो नावाच्या चढावर पिनो पुढे निघाला. निबालीने त्याला गाठले. माथा ओलांडून उतार लागला, आणि त्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर निबालीने त्याला हातोहात मागे टाकले. शर्यत निबालीने जिंकली. पिनो पाचवा आला. म्हणजे चार वर्षांच्या मेहनतीनंतरही उतारावर तो निबाली झाला नव्हता. होणारही नव्हता.

१३ ऑक्टोबर २०१८. तीच शर्यत, तोच चिविल्यो, तेच दोघे पुढे. या वेळी पिनोने निबालीला चढावरच मागे टाकले. माथ्यावर तो एकटा होता, आणि खाली तोच उतार होता जेथे वर्षापूर्वी तो हरला होता. कोमोपर्यंत सुमारे १४ किलोमीटर त्याने एकट्याने काटले आणि निबालीच्या अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक आधी रेषा ओलांडली. तो उतार त्याने कोणाच्या वेगाने उतरला? स्वतःच्या. आपल्याला काय साधते आणि काय साधत नाही हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने शिल्लक चढावर जमा केली आणि उतारावर ती बेताने खर्च केली. मला यात भीतीचा पराभव दिसत नाही. तिला योग्य जागी बसविलेले दिसते.

एक शेवटचा व्यावहारिक मुद्दा. आजचे मानसशास्त्र असे सांगते की, सरावाने जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर नव्या अनुभवाचा थर चढतो. त्यामुळे परिस्थिती बदलली, म्हणजे पावसाचा पहिला दिवस आला, अनोळखी घाट लागला, किंवा मधे काही महिने सायकल अडगळीत पडून राहिली, तर जुनी धास्ती पुन्हा वर येते. अशा वेळी 'आपली सगळी मेहनत फुकट गेली' असे समजून अनेक जण सोडून देतात. तसे समजण्याचे कारण नाही. त्या दिवशी पुन्हा लहान उतारापासून आरंभ करावा, टायरमधील हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी, पांढरे पट्टे, ओली पाने आणि गटारांची लोखंडी झाकणे टाळावीत, आणि ब्रेक नेहमीच्या बराच अलीकडे लावावा. दुसऱ्या वेळेस पायऱ्या लवकर चढल्या जातात.

माझे म्हणणे येथे संपते. आपल्यापैकी काहीजण सायकलवरूनच आले असल्याचे मला दिसते आहे. त्यांचे प्रश्न प्रथम घेऊ.